महागाईचं कंबरडं आणि आपली कंबर

वर्तमानपत्र उघडलं की आठवड्यातून एकदा तरी तो मथळा भेटतोच, ‘महागाईने सर्वसामान्यांचे कंबरडे मोडले’. कधी अवकाळी पावसानं शेतकऱ्याचं कंबरडं मोडतं, कधी करवाढीनं व्यापाऱ्याचं. पण खरीखुरी कंबर, म्हणजे धुणं पिळताना उसण भरून जागच्या जागी अडकते ती तुमची-माझी कंबर, तिची बातमी काही होत नाही. बातमी कशाला, घरातल्या घरातसुद्धा तिची चर्चा होत नाही. ‘काही नाही हो, जरा कंबर धरलीय’ असं म्हणायचं, बाम चोळायचा आणि कुकर लावायचा. झालं!

मीही हेच करत होते आणि दुसऱ्यांकडूनही हीच अपेक्षा ठेवत होते. एका मावशींनी माझे डोळे उघडले. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

आमच्या गल्लीत आमचा बचत गट आहे. बारा जणी, दर महिन्याच्या दहा तारखेला बैठक. उशिरा आलं तर पाच रुपये दंड, आलंच नाही तर दहा. हा नियम मीच केलेला, कारण शिस्तीशिवाय गट चालत नाही हे माझं ठाम मत. आमच्यातल्या एक मावशी सलग तीन महिने आल्या नाहीत. दर महिन्याला शेजारणीच्या हाती हप्ता आणि वर दंडाचे दहा रुपये बिनतक्रार पाठवत राहिल्या. चौथ्या महिन्यात आल्या, पण सतरंजीवर बसेनात. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. कुणीतरी म्हणालं, ‘बसा की मावशी, पाहुण्यासारख्या उभ्या का?’ तर म्हणाल्या, ‘बसले तर उठवायला दोघी लागतील गं बाई.’ सगळ्या हसल्या. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

रात्री मात्र ते वाक्य काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर. नळाला एक दिवसाआड, तेही पहाटे पाचला पाणी. हंडे, कळश्या, बादल्या भरायच्या त्यांनीच. मी सहज विचारलं, ‘किती दिवस झाले हो कंबर दुखतेय?’ ‘दिवस? सात वर्षं झाली की!’ मग हळूहळू एकेक निघालं. भाजी चिरायला विळीवर बसता येत नाही, म्हणून कॉटवर बसून सुरीनं चिरतात. केर काढताना मध्ये दोनदा भिंतीला टेकतात. लेक शेजारच्या तालुक्यात दिलेली, पण दोन वर्षांत तिच्याकडे गेल्या नाहीत, कारण एसटीत बसलं आणि खड्डा आला की डोळ्यांसमोर काजवे चमकतात. गावची जत्रा सोडली. हळदी-कुंकू सोडलं. आणि शेवटी, अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘नातू दीड वर्षाचा आहे. हात पसरून येतो, पण उचलता येत नाही. सुनेला वाटतं, सासूला नातवाची माया नाही.’

सात वर्षं! आणि घरात कुणाला माहीत नाही. मी विचारलं, ‘सांगितलं का नाही?’ तर म्हणाल्या, ‘कंबर काय, सगळ्यांचीच दुखते.’

मैत्रिणींनो, मावशींचं हे वाक्य एका अर्थानं अगदी बरोबर आहे. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संधिवातविषयक नियतकालिकात जगभरातला हिशेब मांडला गेला. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल असा अंदाज आहे. माणसाला जिवंतपणी अधू करून ठेवणाऱ्या दुखण्यांमध्ये कंबरदुखीचा पहिला नंबर लागतो. मधुमेह, दमा, दृष्टिदोष सगळे तिच्या मागे. आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ती जास्त. म्हणजे ‘सगळ्यांचीच दुखते’ हे खरं. पण सगळ्यांचं दुखतं म्हणून ते किरकोळ ठरतं का? सगळ्यांनाच भूक लागते, म्हणून काय आपण कुणाला उपाशी ठेवतो?

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकली तर ती जुनाट कंबरदुखी. अशा दुखण्यात दर दहांपैकी नऊ जणांमध्ये तरी एका ठरावीक बिघाडावर बोट ठेवता येत नाही. हाड मोडलेलं नसतं, गाठ नसते, जंतुसंसर्ग नसतो. एक्स-रे स्वच्छ येतो आणि घरचे म्हणतात, ‘बघ, काही नाही निघालं.’ रिपोर्टात काही नाही म्हणजे दुखणं नाही, असा आपल्याकडे सरळ हिशेब. खरं म्हणजे ज्यांना काडीचंही दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांच्या मणक्याची चकती थोडी बाहेर आलेली दिसली, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांची. दुखत तर कुणाचंच नव्हतं! म्हणजे फोटो खराब पण माणूस ठणठणीत, आणि फोटो चांगला पण बाई रात्रभर तळमळतेय, हे दोन्ही होऊ शकतं. मग दुखणं मोजायचं कसं?

यासाठी डॉक्टर मंडळी एक प्रश्नपत्रिका वापरतात. इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्री या गावच्या नावानं ती ओळखली जाते, १९८० साली प्रसिद्ध झाली. मराठीतही ती तपासून घेतलेली आहे. प्रश्न दहा. दुखणं किती आहे? अंघोळ, कपडे घालणं स्वतःचं स्वतः जमतं का? वजन उचलता येतं का? चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, नवरा-बायकोचं नातं, लोकांत मिसळणं आणि प्रवास. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण. जितके गुण जास्त, तितकं दुखणं भारी. वीस टक्क्यांपर्यंत सौम्य, चाळीसपर्यंत मध्यम, साठपर्यंत तीव्र. त्यापुढे तर दुखणं सगळं जगणंच व्यापून टाकतं.

मला ही कल्पना फार आवडली. कारण ती ‘कुठे दुखतं’ एवढ्यावर थांबत नाही, ‘दुखण्यानं तुझं काय काय नेलं’ असं विचारते. आमच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडून मी तो कागद आणला आणि मावशींसमोर बसले. नवरा-बायकोचा प्रश्न आला तेव्हा मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. ‘पुढचं विचार’ म्हणाल्या. तो सोडून दिला. उरलेल्या नऊ प्रश्नांत ४५ पैकी २६ गुण पडले. ५८ टक्के, म्हणजे तीव्र. मावशी म्हणाल्या, ‘अगं, शाळेत कधी एवढे पडले नव्हते!’

पण हे करताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ‘वजन उचलता येतं का?’ यावर मावशी आधी म्हणाल्या, ‘येतं की.’ मी म्हटलं, ‘अहो, पण हंडा उचलल्यावर तुम्ही अर्धा तास आडव्या पडता!’ तर म्हणाल्या, ‘पण उचलते ना? न उचलून सांगते कुणाला!’ त्या कागदावर ‘जमतं का’ असा प्रश्न आहे, आणि आपल्या बायांचं उत्तर ‘जमवावं लागतं’ हे आहे. त्यासाठी रकानाच नाही. खाली मांडी घालून बसणं, देशी संडास, वाकून केर-लादी, मोरीत उकिडवं बसून धुणं-भांडी, पहाटेचं पाणी, यांचेही प्रश्न नाहीत. कागद तिकडच्या घरांसाठी बनला, त्याला दोष नाही. पण आपल्या बाईचे ५८ टक्के हे प्रत्यक्षात जास्तच धरावेत, असं मला वाटतं.

यातूनच दुसरी गोष्ट. पुरुषाची कंबर धरली की पहिल्यांदा काय थांबतं? काम. तो रजा टाकतो, दुकान बंद राहतं, शेतात जाणं होत नाही. लगेच घरादाराला कळतं, पाहुणे चौकशीला येतात. बाईची कंबर धरली की काम सगळ्यात शेवटी थांबतं. आधी सुटतं ते तिचं स्वतःचं. भजनी मंडळ सुटतं, माहेरी जाणं सुटतं, बचत गटाची बैठक सुटते, दुपारची निवांत झोप सुटते, नातवाला कडेवर घेणं सुटतं. पोळ्या मात्र दोन्ही वेळेला गरम असतात! आणि पोळ्या गरम आहेत तोवर घराला वाटतं, सगळं ठीक चाललंय. म्हणून सात वर्षं कळत नाही.

सरकारचाच आकडा बघा. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोजची २८९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषाची ८८. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचाही वेळ दहाएक मिनिटांनी कमी झाला. मिक्सर, गॅस, नळ आले असतील, पण वाटणी जिथल्या तिथेच! जवळजवळ पाच तास, वर्षाचे ३६५ दिवस, आणि त्यात आजारपणाची रजा नाही.

रजा नाही म्हटल्यावर मला ऊसतोडणीच्या बाया आठवतात. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या आमच्या भागात येतात. वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायची. वर पालातला स्वयंपाक, पाणी, पोरं. २०१९ मध्ये तिथल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ महिला ऊसतोड कामगारांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कारणं अनेक होती, अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, कॅन्सरची भीती. पण पोट-कंबर दुखतेय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला आपल्याही गावांत मिळतो, हे आपण सगळ्या जाणतो. आणि त्याच वेळी आणखी एक शब्द बातम्यांत आला होता, ‘खाडा’. एक दिवस कामावर गेलं नाही तर उचलीतून पैसे कापायचे. पाचशे रुपयांपर्यंतचे आकडे तेव्हा छापून आले. ते वाचून मी मुकादमाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. मावशींच्या घरून परत येताना मात्र माझी मलाच लाज वाटली. मुकादम पाचशे कापत होता, मी दहा कापत होते. बाई का आली नाही, हे त्यानंही विचारलं नव्हतं आणि मीही!

आता उपचारांचं बघू. मावशींनी सात वर्षांत काय काय केलं होतं? तीन पट्टे घेतले. वजनं लावून कंबर ओढून घेतली. ‘कसली तरी’ इंजेक्शनं घेतली. एका ठिकाणी एमआरआय केला, त्यासाठी कानातलं गहाण पडलं. २०२४ पासून लाडक्या बहिणीचे पैसे आले की त्यातले निम्मे मेडिकलवाल्याकडे जायचे. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सरसकट वापरू नयेत अशा १४ उपायांची यादी आहे. कंबरेचे पट्टे, वजन लावून ओढणं, अफूपासूनच्या जातीची वेदनाशामकं ही त्या यादीत आहेत! मावशींच्या पट्ट्यांचा आणि ओढून घेण्याचा सगळा खर्च त्याच यादीतला. शिफारस कशाची आहे? दुखणं नीट समजावून सांगणं, आपल्याला झेपेल असा नियमित व्यायाम, मालिशीसारखे काही हातांचे उपचार, मनाला उभारी देणारे समुपदेशन आणि गरजेपुरती साधी सूज-वेदना कमी करणारी औषधं. तीही डॉक्टरांना विचारूनच, कारण पोट आणि मूत्रपिंड यांना ती बाधू शकतात.

यातलं समजावून सांगणं आणि व्यायाम सगळ्यात स्वस्त, आणि तेच आपल्याला सगळ्यात अवघड मिळतं. सरकारी विमा योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. ऑपरेशन त्यात बसेल, पण महिनाभर फिजिओथेरपिस्टकडे जायचं ते पदरमोड करून. आमच्या उपकेंद्रात बीपी, साखर तपासतात, चांगली गोष्ट आहे. पण ‘कंबर कशी आहे? रात्री झोप लागते का?’ असं मला तरी कुणी कधी विचारलेलं नाही. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात नुसती कंबरदुखी नाही. कागदोपत्री ही बाई धडधाकटच!

व्यायामाचं नाव काढलं की आपण म्हणतो, ‘दिवसभर राबते, आणखी व्यायाम कशाला?’ मीही असंच म्हणायचे. त्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं छान समजावलं. घरकामात आपण तेच तेच स्नायू त्याच त्याच बाजूला ताणतो आणि बाकीचे तसेच पडून राहतात. व्यायामात उलट, जे कमजोर आहेत त्यांना हळूहळू काम द्यायचं. आणि दुखतंय म्हणून आठ-आठ दिवस आडवं पडणंही चुकीचं, त्यानं अंग आणखी आखडतं. झेपेल तेवढं हलत राहायचं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवरचा. मार्गदर्शन घेऊन नियमित चालणाऱ्यांना पुन्हा दुखणं उद्भवायला २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. खर्च फक्त चपलेचा! अर्थात गावात बाई नुसती चालायला निघाली की ‘हिला घरी काम नाही वाटतं’ हे ऐकावं लागतं, तो खर्च वेगळा.

आणखी एक गैरसमज. ‘सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर गेली’ असं दहातल्या सात जणी मला सांगतात. त्या सुईमुळे काही दिवस तिथे दुखू शकतं, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा तिच्याशी संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. बाळंतपणानंतर पोटा-पाठीचे सैल पडलेले स्नायू, बाळाला तासन्‌तास वाकून पाजणं, अपुरी झोप यांकडे आपण बघत नाही आणि बिचाऱ्या सुईला धरतो.

काही लक्षणं मात्र अंगावर काढू नका. लघवी किंवा संडासवर ताबा न राहणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं, हे दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, म्हातारपणी पडल्यानंतरचं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, अशा वेळी ‘जरा कंबर धरलीय’ म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू उपचार मध्येच बंदही करायचा नाही.

मावशींचं पुढे काय झालं? चमत्कार काही झाला नाही. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आम्ही तपासून घेतलं, धोक्याचं काही निघालं नाही. चार व्यायाम शिकवले. पाण्याचे मोठे हंडे आता मुलगा उचलतो. आईला सात वर्षं त्रास आहे हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला होता. मावशींनी मोरीत पाट ठेवलाय, संध्याकाळी आम्ही तिघी-चौघी नदीच्या रस्त्यानं चालतो. चार महिन्यांनी पुन्हा तो कागद भरला. ४५ पैकी १६, म्हणजे ३६ टक्के. दुखणं गेलेलं नाही, थंडीत तर चांगलंच डोकं वर काढतं. पण मध्यंतरी एसटीत मधल्या सीटवर बसून लेकीकडे जाऊन आल्या. नातवाला अजूनही उचलत नाहीत. त्या खुर्चीत बसतात आणि तो गडी स्वतःच मांडीवर चढतो.

गटाचा नियमही आम्ही बदललाय. कुणी सलग दोनदा आली नाही, तर दंड नाही. दोघींनी तिच्या घरी जायचं आणि विचारायचं. आणि बैठकीला सतरंजीबरोबर चार खुर्च्या.

तुम्हीही एक करा. आज रात्री जेवणं झाली की घरातल्या बाईला, मग ती आई असो, सासू असो, जाऊ असो की तुम्ही स्वतः, एवढंच विचारा. ‘दुखतं का?’ असं विचारू नका, कारण उत्तर ठरलेलं आहे. ‘गेल्या वर्षभरात तू काय काय करायचं सोडलंस?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.

मावशींचे दंडाचे तीस रुपये मी परत द्यायला गेले होते. घेतले नाहीत. म्हणाल्या, ‘नियम तो नियम, ताई. पैसे राहू देत गटात. पण खुर्ची मात्र हाताची आण, उठताना आधार लागतो.’